पास दिल्यानंतर काय?

बास्केटबॉलमध्ये एका बाजूनं पाचजण खेळतात आणि चेंडू एकच असतो. म्हणजे सामन्याचा बहुतेक वेळ प्रत्येक खेळाडू चेंडूशिवायच मैदानावर असतो. हिशेब साधा आहे, पण आपल्याकडच्या शालेय स्पर्धा बघितल्या की तो कुणी मांडलाच नसावा असं वाटतं. चेंडू हातात असेपर्यंत पोरगं जिवंत असतं. पास दिला की गुडघ्यांवर हात टेकून उभं राहतं. बाहेरून सर ओरडत असतात, ‘इकडं दे’, ‘आत घुस’, ‘मार आता’. पोराचं निम्मं लक्ष रिंगकडं, निम्मं सरांकडं. समोरचा बचावपटू काय करतोय हे बघायला लक्ष उरतच नाही.

लोह्यापासून नांदेडपर्यंत आणि तिकडं अहमदपूर-लातूरपर्यंत मी असे बरेच सामने बघितलेत. संघ हरला की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘ही मोहल्ल्यातली पोरं चपळ असतात, दमही असतो, पण खेळात डोकं नाही.’ कधी मोहल्ल्याच्या जागी तांडा येतो, कधी वाडी. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण त्या वाक्यात एक वाटणी गृहीत धरलेली असते. चपळाई यांच्या रक्तात, डोकं त्यांच्या रक्तात. शिकवणाऱ्याचा त्यात कुठं संबंधच नाही!

खेळातलं डोकं शिकवता येतं. ते कुणी शिकवलं, कुठं शिकवलं आणि कसं शिकवलं, याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचा एक मोठा तुकडा मुंबईच्या एका मुस्लिम मोहल्ल्यात सापडतो. दुसरा तुकडा सापडतो आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानात, मात्र तिथला खेळ बास्केटबॉल नव्हता.

आधी मुद्द्याची गोष्ट समजून घेऊ. बास्केटबॉलमधल्या आक्रमणाचे ढोबळमानानं दोन प्रकार पडतात. पहिला ठरवून दिलेल्या चालीचा. कोचनं ‘दोन नंबर’ असं ओरडायचं आणि पाचहीजणांनी पाठ केल्याप्रमाणं जागा बदलायच्या. समोरच्या संघानं अपेक्षेप्रमाणं बचाव केला तर चाल देखणी दिसते. नाही केला, तर तिसऱ्या पावलावर सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे! दुसरा प्रकार ‘मोशन ऑफेन्स’. इथं चाल नसते, नियम असतात, आणि तेही मोजके. एकमेकांत पंधरा-अठरा फुटांचं अंतर राखा. पास दिला की थांबू नका. एक तर रिंगकडं कापत जा, नाहीतर साथीदारासाठी आडोसा उभा करा. चेंडू हातात आला की आधी रिंगकडं तोंड करा आणि क्षणभर बघा. बाकी सगळं समोरच्या बचावपटूवर अवलंबून. त्याला वाचायचं आणि ठरवायचं.

या आडोशाला खेळाच्या भाषेत स्क्रीन म्हणतात. समजा साथीदार स्क्रीन लावून स्थिर उभा आहे आणि तुम्ही त्याच्या खांद्याला घासून निघताय. तुमचा बचावपटू मागून पाठलाग करत येतोय? मग स्क्रीनला वळसा घालून थेट रिंगकडं जा. तो स्क्रीनच्या पलीकडून तुमची वाट अडवायला आधीच निघालाय? मग उलट बाहेर सरका, तिथं शॉट मोकळा मिळेल. तो तुमच्या आणि चेंडूच्या मधे हात घालून उभा आहे? मग त्याच्या पाठीमागून रिंगकडं पळा. याला बॅकडोअर म्हणतात. दोघा बचावपटूंनी आपसात माणसं बदलून घेतली? मग स्क्रीन लावणाराच मोकळा होतो, त्यानं आत सरकायचं. उत्तरं अशी चार आहेत. त्यातलं बरोबर कुठलं हे कोचला आधी ठाऊक असूच शकत नाही. ते बचावपटूच्या पायांवरून ओळखायचं असतं.

माळेगावच्या यात्रेत कुस्तीचा फड बघितलेल्यांना हे नवं वाटणार नाही. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलंय ते पैलवानाच्या हाताला कळतं आणि मग डाव निघतो. फरक एवढाच की कुस्तीत एकट्यानं वाचायचं असतं. इथं पाचजणांनी एकाच क्षणी एकच गोष्ट वाचायची आणि सगळ्यांना तिचा अर्थही एकच लागायला हवा. घेणाऱ्यानं ‘वळसा’ वाचला आणि देणाऱ्यानं ‘बाहेर’ वाचलं, तर चेंडू जातो प्रेक्षकांत.

आता हे शिकवायचं कसं? जाणते कोच एक युक्ती वापरतात. आक्रमण करणाऱ्या पोराच्या पाठीमागं उभं राहायचं आणि बचावपटूला हातानं खूण करायची. मूठ दाखवली तर पाठलाग कर, पंजा दाखवला तर पलीकडून जा. आक्रमकाला खूण दिसत नाही. त्याला हालचालीवरूनच ओळखावं लागतं. तो चुकला तर ओरडायचं नाही, विचारायचं, ‘काय दिसलं तुला?’ पोरगं आधी गांगरतं. शाळेत त्याला काय दिसलं हे फारसं कुणी विचारलेलं नसतं, उत्तर काय आहे तेवढंच विचारलेलं असतं. दुसरी युक्ती याहून सोपी आणि याहून कडक आहे. तीन विरुद्ध तीन खेळवायचं आणि ड्रिबलवर बंदी घालायची. चेंडू जमिनीवर आपटायचाच नाही. ड्रिबल गेला की एकट्यानं वाट काढायची सोय जाते. मग उरतं काय, तर पास द्या, जागा शोधा, पुन्हा चेंडू घ्या.

गंमत अशी की ही बंदी म्हणजे कुठला आधुनिक शोध नाही. खेळाची सुरुवातच तिथून झाली. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ तयार केला. पीचच्या दोन टोपल्या, अठरा विद्यार्थी, नऊ-नऊचे दोन संघ आणि तेरा नियम. त्यातला तिसरा नियम असा होता की चेंडू घेऊन पळता येणार नाही, जिथं झेलला तिथूनच तो फेकायचा. मूळ बास्केटबॉलमध्ये ड्रिबल नव्हताच! तो पुढच्या काही वर्षांत खेळाडूंनी पळवाट म्हणून काढला आणि मग नियमांनी त्याला मान्यता दिली. नेस्मिथच्या वर्गात चेंडू सोडल्यावर काय करायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा होता.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधणारी पहिली मोठी शाळा कुठल्या श्रीमंत विद्यापीठाच्या जिममध्ये उभी राहिली नाही. ती उभी राहिली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, म्हणजे रशिया आणि पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांच्या दाट वस्तीत. त्या वस्त्यांमध्ये ‘सेटलमेंट हाऊस’ नावाच्या संस्था होत्या. सुशिक्षित मंडळींनी वस्तीतच येऊन राहायचं आणि तिथं वाचनालय, दवाखाना, शिवणवर्ग, खेळाचं सभागृह चालवायचं, अशी ती चळवळ. सभागृहं लहान असायची आणि छत बुटकं. लांबून उंच शॉट मारायला जागाच नाही. मग पोरांनी काय केलं? पास दिला आणि कापत आत पळाली, चेंडू परत घेतला. तिथं याला ‘दे आणि पळ’ अशा अर्थाचं नावच पडलं.

याच वस्तीत वाढलेला नॅट होलमन ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या त्या काळच्या नामवंत व्यावसायिक संघाचा खेळाडू झाला. १९१९ पासून त्यानं न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये कोचगिरी केली. हे कॉलेज फी घेत नसे, म्हणून स्थलांतरितांची हुशार पोरं तिथं यायची. १९५० साली होलमनच्या संघानं एकाच वर्षी अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या महाविद्यालयीन स्पर्धा जिंकल्या. अशी दुहेरी कामगिरी दुसऱ्या कुणालाही जमलेली नाही. संघातली पोरं ज्यू आणि कृष्णवर्णीय. त्यांनी केंटकी विद्यापीठाच्या सगळ्या गोऱ्या खेळाडूंच्या बलाढ्य संघाला ८९-५० असं धुतलं. पुढच्याच वर्षी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक कमी ठेवल्याच्या प्रकरणात याच संघातले खेळाडू अडकले आणि सिटी कॉलेजचं मोठं बास्केटबॉल तिथंच संपलं. हेही सांगायला हवं. गरिबांचा संघ म्हणून त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

पण मला इथं थांबायचंय ते एका वेगळ्या गोष्टीसाठी. १९३० च्या दशकात ज्यू खेळाडू बास्केटबॉलमध्ये एवढे पुढं का, याचं उत्तर पॉल गॅलिको या नामांकित क्रीडा पत्रकारानं असं दिलं होतं की हा खेळ कावेबाज, डावपेची डोक्याचा आहे आणि ते डोकं ज्यूंच्या अंगातच असतं. स्तुती वाटावी असं हे विधान म्हणजे जुनाच द्वेष, नवे कपडे घातलेला. होलमनसारख्यानं रोज संध्याकाळी घासून घेतलेला सराव त्यात दिसत नाही, दिसतं फक्त रक्त. तिकडं ज्यूंना ‘कावेबाज डोकं’ जन्मजात मिळालं, इकडं आमच्या पोरांना ‘चपळ पाय’ जन्मजात मिळाले. दोन्ही वाक्यांची रचना अगदी सारखी आहे. शिकवणाऱ्याचे कष्ट दोन्हीकडून गायब आहेत.

सेल्टिक्समध्ये होलमनसोबत खेळलेला जो लॅपचिक पुढं कोच झाला. त्याला गुरुस्थानी मानणाऱ्यांपैकी एक तरुण म्हणजे बॉब नाइट. नाइटला १९६५ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या संघाचा मुख्य कोच केलं गेलं तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. १९७१ मध्ये तो इंडियाना विद्यापीठात गेला. हेन्री आयबा, पीट न्यूवेल अशा जुन्या कोचांकडून उचललेल्या कल्पना एकत्र करून त्यानं मोशन ऑफेन्सला आज आपण ओळखतो तो आकार दिला. १९७६ मध्ये त्याच्या संघानं ३२ सामने खेळले आणि बत्तीसही जिंकले. त्यानंतर अमेरिकेच्या पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एकही सामना न हरता विजेतेपद कुणीही मिळवलेलं नाही.

नाइट हा विरोधाभासाचा पुतळा होता. मैदानात खेळाडूंनी स्वतः वाचावं, स्वतः ठरवावं असं आक्रमण त्यानं शिकवलं. आणि बाहेर तो हुकूमशहासारखा वागायचा. १९८५ मध्ये पंचांवर चिडून त्यानं खुर्ची थेट कोर्टवर भिरकावली. खेळाडू आणि विद्यार्थ्यांशी उर्मट वागण्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २००० मध्ये विद्यापीठानं त्याला काढून टाकलं. आपल्याकडं नाइटची नक्कल करणारे बरेच आहेत, पण नक्कल होते ती खुर्चीची.

त्याच्या काळात एक सवलत होती, तीही लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या महाविद्यालयीन सामन्यांत तेव्हा शॉट घ्यायला वेळेचं बंधनच नव्हतं. ते १९८५-८६ च्या हंगामात आलं, पंचेचाळीस सेकंदांचं. आंतरराष्ट्रीय सामन्यांत १९५६ पासून तीस सेकंद होते, २००० पासून चोवीस झाले. तेव्हा मिनिटभर पास फिरवत बसणं आता जमत नाही. वाचायचं तेच आहे, फक्त लवकर वाचायचं.

आता मुंबई. अमेरिकन मराठी मिशन हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेलं आणि पुढं अहमदनगरमध्ये रुजलेलं हे मिशन शाळा आणि छापखान्यांमुळं आपल्याला माहीत असतं. याच मिशननं नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केलं. क्लिफर्ड मॅन्शार्ट हा त्यामागचा माणूस. नागपाडा म्हणजे गिरणी कामगार, गोदी कामगार, छोटे कारागीर, बहुसंख्य मुस्लिम, शिवाय ज्यू आणि ख्रिस्तीही. मंटो याच भागात राहिला. न्यूयॉर्कच्या सेटलमेंट हाऊसची जी कल्पना, तीच इथं उतरवलेली होती. वाचनालय, दवाखाना, वर्ग आणि खेळ. याच इमारतीत १९३६ मध्ये टाटांच्या देणगीतून समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली आणि तिचा पहिला संचालक मॅन्शार्टच होता. आज आपण जिला टिस म्हणतो, जिचा एक कॅम्पस आपल्या मराठवाड्यात तुळजापूरला आहे, तिचा जन्म नागपाड्याच्या त्या मोहल्ल्यातला.

नागपाड्यात बास्केटबॉल असा रुजला की पुढच्या पिढ्यांनी क्रिकेटच्या शहरात राहूनही तो सोडला नाही. मस्तान तलावाजवळचं वायएमसीएचं मैदान, नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन, संध्याकाळी दिव्यांखाली चालणारा सराव. इथूनच अब्बास मुंतसिर आला. भारतीय संघाचा कर्णधार झाला आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. तो एकटा नव्हता, या एवढ्याशा भागानं देशाला बरेच आंतरराष्ट्रीय खेळाडू दिले. इथल्या महापालिकेच्या मैदानाला बच्चू खान यांचं नाव आहे. बच्चू खान कोच होते. मुंबईत मैदानांना नावं कुणाची असतात हे आपण जाणतोच. कोचचं नाव लागणं ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि मोहल्ल्याला ऋण कुणाचं मानायचं हे कळत होतं, याचा तो पुरावा आहे.

बाहेरच्यांना मात्र ते कळलेलं दिसत नाही. नागपाड्यावर लेख येतो तेव्हा हटकून ‘बास्केटबॉलपटूंची खाण’ असा शब्द येतो. खाणीत माल आधीपासून पडलेला असतो, फक्त उकरायचा. इंग्रजीतली मंडळी ‘नर्सरी’ म्हणतात, तो शब्द निदान बरा. रोपवाटिकेत कुणीतरी रोज पाणी घालणारा असतो.

आणि आता आपल्या घरचा माणूस. लोहा, कंधार, सगळा नांदेड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे शाळामास्तर होते. जन्म १९०९ चा, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, स्वतः चांगले फुटबॉलपटू. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव. आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीसच्या संघाचे कोच.

हे साल नीट बघा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली. त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदरसोबत आपलं नांदेडही होतं. घरातली जुनी माणसं त्या दिवसांबद्दल आजही आवाज खाली करून बोलतात. त्यानंतर दोनच वर्षांत हैदराबादच्या पोलिसांचा संघ मुंबईत कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप उचलतो. आणि मग १९५४ पर्यंत सलग पाच वर्षं तो कप दुसऱ्या कुणाला देत नाही. १९५० मध्येच ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानलाही हरवलं.

रहीम साहेबांनी हे कसं केलं? त्यांनी पोरांसाठी फुटबॉलच्या अशा स्पर्धा भरवल्या ज्यात ड्रिबल करायला बंदी होती. चेंडू आला की लगेच पास. दुसऱ्या काही स्पर्धांत फक्त कमजोर पायानं खेळायचं, उजव्या पायाच्या पोरानं डाव्यानं आणि डाव्याच्यानं उजव्यानं. वरवर बघता हे पोरांचे खेळ वाटतात. पण ड्रिबल काढून घेतला की पोराला चेंडू येण्याआधीच मान वर करून बघावं लागतं. आला तेव्हा बघायला वेळ उरत नाही. कमजोर पाय तयार झाला की वाचलेलं उत्तर कुठल्याही बाजूनं अमलात आणता येतं. नेस्मिथचा तिसरा नियम आणि नाइटचा तीन विरुद्ध तीनचा बिनड्रिबलचा सराव यांची ही सख्खी भावंडं आहेत. तीही एका भारतीय शाळामास्तरानं, अमेरिकेत नाइट अजून शाळेत शिकत होता तेव्हाच्या काळात घडवलेली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले. रहीम त्या पराभवापासून पळाले नाहीत. बूट आले, रचना बदलली. १९५३ मध्ये हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं ते सेंटर फॉरवर्डला मागे खेचून. हिदेगकुटी मागे सरकला की इंग्लंडच्या बचावपटूपुढं पेच उभा राहायचा. त्याच्यामागं जावं तर पाठीशी खिंडार पडतं, जागेवर थांबावं तर तो मोकळा सुटतो. बचावपटू काय करतो ते बघायचं आणि उरलेली वाट धरायची. हाच तो ‘रीड’. मागे खेचलेल्या फॉरवर्डची ही रीत रहीम यांनी भारतीय संघात आणली.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये रहीम यांच्या संघानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवून ऑलिम्पिकची उपांत्य फेरी गाठली. मुंबईकर नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले. त्या भारतीय संघात तुलसीदास बलराम, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन ही हैदराबादची मंडळी होती. राज्य नकाशावरून पुसलं गेलं होतं, त्याची तालीम मैदानावर होती. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. यावेळी पहिला गोल भारताचा होता. सामना १-४ असा गेला आणि शेवटी चौथा क्रमांक मिळाला.

१९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. रहीम तेव्हा कर्करोगानं आजारी होते. स्पर्धेत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला दुखापत झाली, टाके पडले. रहीम यांनी त्याला थेट आक्रमणात उभं केलं. जन्मभर फॉरवर्डांना वाचत आलेल्या माणसाला बचावपटू कसा विचार करतो हे वेगळं सांगावं लागत नाही, असा त्यामागं विचार असावा, असं मला वाटतं. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया, स्टेडियममध्ये सुमारे लाखभर माणसं आणि तीही भारताच्या विरोधात. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगनं. सामना २-१ असा जिंकला. ११ जून १९६३ ला रहीम गेले. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्णपदक भारताला मिळालेलं नाही. ‘मैदान’ हा हिंदी सिनेमा २०२४ मध्ये आला तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी शिकलेल्या तरुणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

हैदराबादी फुटबॉलबद्दल आता हळहळून बोललं जातं की पूर्वी तिथल्या पोरांच्या पायात जादू होती, आता राहिली नाही. जादू म्हटलं की काम सोपं होतं. बिनड्रिबलच्या त्या स्पर्धा कोण भरवायचं आणि आता कोण भरवतं, हे विचारावं लागत नाही.

नांदेड-लातूरकडच्या क्रीडाशिक्षकांची अडचण मला समजते. एका शाळेला एक रिंग, तिलाही जाळी नाही, पोरांच्या घरच्यांना दहावीच्या ग्रेस गुणांपुरताच खेळ हवा असतो. पण वर सांगितलेल्यातलं काहीही पैशानं विकत घ्यावं लागत नाही. लोह्यात एका शाळेच्या सिमेंटच्या अर्ध्या कोर्टवर आठवड्यातून दोनदा पोरं जमतात, मीही जातो. तिथं आम्ही सामना असा लावतो. तीन विरुद्ध तीन, दहा मिनिटं. ड्रिबल केला की चेंडू समोरच्यांचा. पास देऊन दोन सेकंद जागेवर उभा राहिला तरी चेंडू समोरच्यांचा. बॅकडोअरवरून झालेल्या बास्केटला दोनऐवजी चार गुण. बाहेरून कुणी काही सांगायचं नाही, मीसुद्धा नाही. आणि दर बास्केटनंतर, ज्यानं केलं त्यानं नव्हे तर ज्यानं पास दिला त्यानं, काय दिसलं ते मोठ्यानं सांगायचं.